घरच्या घरी कुत्र्याला ट्रिक्स शिकवताना पडणारे सगळे प्रश्न

मी काही सर्टिफाइड ट्रेनर वगैरे नाही, आधीच सांगतो. दोन कुत्रे वाढवलेत, टिल्ल्या आणि मनी (हो, कुत्रीचं नाव मनी आहे, मांजरीचं असतं माहितीये, मुलीने ठेवलंय). टिल्ल्याला बरंच चुकीचं शिकवलं, मनीला त्यामानाने कमी. लोक भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पिल्लू किती मोठं झालं की शिकवायला सुरुवात करायची?

घरी आलं की दुसऱ्या दिवसापासून. आठ आठवड्यांचं पिल्लूसुद्धा "बस" आरामात शिकतं. पूर्वी सहा महिने थांबा म्हणायचे, पण ते गळ्यात साखळी घालून हिसके द्यायच्या पद्धतीमुळे, लहान पिल्लाला ते झेपायचं नाही. खाऊ देऊन शिकवणार असाल तर थांबायचं काही कारणच नाही. फक्त एका वेळी एक-दोन मिनिटं, त्यापुढे पिल्लाचं लक्ष शेपटीकडे जातं. आणि उड्या मारायच्या ट्रिक्स वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत नको, हाडांची टोकं तोवर पक्की झालेली नसतात, मोठ्या जातीच्या कुत्र्यांना तर अजूनच वेळ लागतो.

आमचा सात वर्षांचा आहे, आता काय शिकणार?

शिकतो की. उलट मोठा कुत्रा जरा स्थिर असतो, दर दोन सेकंदाला फुलपाखरामागे पळत नाही. एकच बघा, आधी बसायचा आणि आता बसायला टाळाटाळ करतोय, किंवा बसताना एक पाय बाहेर काढतोय, तर तो हट्टीपणा नसून कंबर किंवा गुडघा दुखत असू शकतो. आधी व्हेटला दाखवा मग ट्रिक.

पहिली ट्रिक कोणती शिकवू? "बस" ना?

सगळे "बस" म्हणतात. मी म्हणेन "हाताला नाक लाव". कुत्र्याच्या नाकापासून चार बोटांवर रिकामा तळहात धरायचा, बास. तो वास घ्यायला येणारच, कुत्रा आहे तो. नाक टेकलं की लगेच "हां!" म्हणायचं आणि दुसऱ्या हातातला खाऊ द्यायचा. दहा वेळा करा, मग हात जरा डावीकडे, जरा उजवीकडे, मग दोन पावलं लांब.

ही का आधी, तर पुढच्या अर्ध्या ट्रिक्स यातूनच निघतात. हात गोल फिरवला की कुत्रा गोल फिरतो, हात पायांमधून नेला की पायांमधून जातो, हात दरवाज्याशी धरला की दरवाजा ढकलायला शिकतो. आणि सोप्यात सोपी असल्याने पहिल्याच दिवशी जमते, कुत्रा खूश आणि मालक त्याहून खूश. माझं तर मत आहे की मालकाला आधी जिंकल्यासारखं वाटणं जास्त गरजेचं असतं, कारण तिसऱ्या दिवशी सोडून देतो तो मालकच, कुत्रा तयारच असतो.

बरं, पण "बस" कसं शिकवायचं ते तरी सांगा.

खाऊ चिमटीत धरा, कुत्र्याच्या नाकाला जवळजवळ चिकटवून, आणि हळूहळू डोक्यावरून मागे शेपटीच्या दिशेला न्या. नाक वर जातं तसं बूड खाली जातं, शरीराची रचनाच तशी आहे. बूड जमिनीला लागलं त्या क्षणाला "हां!" आणि खाऊ. उडी मारत असेल तर तुमचा हात फार वर आहे. मागे मागे सरकत असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात करा, मागे जायला जागाच नको. बूड हाताने दाबून बसवू नका, दाबलं की कुत्रा उलट जोर लावतो, आणि पिल्लाच्या कमरेला तो दाब चांगलाही नाही.

आता खरी गोम इथे आहे आणि बहुतेक सगळे इथेच चुकतात: पाच-सहा वेळा जमलं की चिमटीतला खाऊ काढून टाका. हात तसाच, हालचाल तशीच, पण रिकामा. बसला की खाऊ खिशातून किंवा टेबलावरच्या वाटीतून. हे पहिल्या दिवशीच केलं नाही तर कुत्र्याच्या डोक्यात "खाऊ दिसला की बसायचं" असं फिट्ट बसतं, मग वर्षभर तुम्ही खाऊ दाखवत फिरता. टिल्ल्याच्या बाबतीत मी तेच केलं. तो आधी माझी मूठ बघायचा, मग माझ्याकडे, मग ठरवायचा.

तोंडाने शब्द कधी म्हणायचा? मी पहिल्यापासून "बस बस बस" म्हणतोय.

मग तो शब्द कुत्र्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा झाला असणार, चालू असतो, अर्थ काही नाही. आधी हालचाल पक्की करा. हात केला की दहापैकी आठ-नऊ वेळा बसतोय असं झालं की मग शब्द आणा, आणि क्रम महत्त्वाचा: आधी शब्द, एक सेकंद थांबा, मग हात. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा फक्त हात बघतो आणि शब्द सोडून देतो. शब्द एकदाच म्हणायचा. तीनदा म्हणालात तर तो तिसऱ्याला बसायला शिकतो.

कुत्र्यांना आपलं शरीर आपल्या शब्दांपेक्षा खूप आधी कळतं. यावरून एक घोडा आठवला, विषय सोडून आहे पण सांगतोच. जर्मनीत हान्स नावाचा घोडा होता, बेरजा करून खूर आपटून उत्तर द्यायचा, लोक चाट पडायचे. १९०७ साली मानसशास्त्राचे अभ्यासक ऑस्कार फुंग्स्ट यांनी नीट तपासलं तर कळलं की गणित-बिणित काही नाही, बरोबर आकडा आला की समोरचा माणूस नकळत जरासा सैल पडायचा आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. माणसांना स्वतःला पत्ता नव्हता की आपण हललो. तुमचा कुत्राही हेच करतोय दिवसभर. खात्री करायची असेल तर त्याच्याकडे पाठ करून, हात खिशात घालून "बस" म्हणा आणि आरशात बघा काय करतो ते.

कमांड मराठीत द्यायची का इंग्लिशमध्ये?

कुत्र्याला घेणंदेणं नाही. तुम्ही "भोपळा" म्हणून बसवलंत तरी बसेल. पण मराठीत दोन-तीन लफडी आहेत ती सांगतो. एक म्हणजे "बस" हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा म्हणतो. बस झालं, बस कर, नुसतं बसून राहिलाय, बस आली का. कुत्रा पहिले काही दिवस कान टवकारतो मग दुर्लक्ष करायला शिकतो. दुसरं म्हणजे "ये", "दे", "घे" हे तीन शब्द कुत्र्याच्या कानाला जवळपास सारखेच. मनीला "दे" म्हटलं की बॉल तोंडात तसाच धरून ती जवळ यायची, बिचारी "ये" समजायची, आणि मी वैतागायचो. शेवटी "दे" चं "सोड" केलं आणि दोन दिवसात सुटली.

तिसरं लफडं घरातल्या माणसांचं. आई म्हणते "बस", मुलगा म्हणतो "सिट", बाबा म्हणतात "बैठ", आजी म्हणते "बसतोस का रे बाळा जरा". फ्रिजवर कागद चिकटवा, कुठल्या ट्रिकला कुठला शब्द, सगळ्यांनी तोच. आजी तरीही तसंच म्हणणार आणि कुत्रा आजीचंच ऐकणार कारण आजी जास्त खाऊ देते, ते एक आहेच.

शब्द किती लक्षात राहतात म्हणाल तर चेसर नावाच्या अमेरिकेतल्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती, २०११ साली त्यावर शोधनिबंध आला. त्यामागे वर्षानुवर्षं रोज काही तासांची मेहनत होती हेही खरं, आपल्याला दहा शब्द आले तरी गंगेत घोडं न्हालं.

खाऊ कोणता आणि किती द्यायचा? जाड होईल ना?

वाटाण्याएवढा तुकडा, छोट्या जातीला त्याच्याही अर्धा. कुत्रा किती वेळा मिळालं ते मोजतो, केवढं मिळालं ते फारसं नाही. मऊ हवा, कडक बिस्कीट चावत बसला की पुढची वेळ येईपर्यंत काय शिकत होतो तेच विसरतो. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, गाजराचे तुकडे, रोजचंच ड्राय फूड, काहीही चालतं, फक्त अवघड ट्रिकला भारी खाऊ आणि सोपीला साधा. दिवसभराच्या एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत खाऊ ठेवावा असं व्हेट सांगतात, जास्त ट्रेनिंग केलं त्या दिवशी जेवण तेवढं कमी करा.

चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा, लसूण, मॅकाडेमिया नट्स अजिबात नाही. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही नाही, ते शुगर-फ्री च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्येही असतं, डबा वाचून घ्या. अगदी थोडंसुद्धा कुत्र्याची साखर धाडकन खाली आणतं.

खाऊत रसच नसलेले कुत्रेही असतात. त्यांना बॉल द्या, दोरी ओढायला द्या. कुत्र्याला जे हवंय ते बक्षीस, आपण काय ठरवलंय ते नाही. डोक्यावर थोपटणं हे बहुतेक कुत्रे नुसतं सहन करतात, आपल्याला वाटतं आवडतंय.

क्लिकर घ्यायलाच हवा का?

नाही. क्लिकर म्हणजे टिक्-टिक् वाजणारी डबी, तिच्यात जादू नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी ही पद्धत प्राण्यांसाठी वापरायला सुरुवात केली. कल्पना सोपी आहे: खाऊ तोंडात पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तोवर कुत्र्याने अजून तीन गोष्टी केलेल्या असतात, मग बक्षीस नक्की कशाचं ते त्याला कळत नाही. टिक् वाजलं त्या क्षणाला जे केलं त्याचं बक्षीस, असा तो फोटो काढल्यासारखा प्रकार. तेच काम छोटा "हां!" पण करतो. फक्त आधी वीस-एक वेळा नुसतं "हां!" म्हणून लगेच खाऊ द्यायचा, म्हणजे आवाजाचा अर्थ कळतो, शाळेत पावलोव्हच्या कुत्र्यांचं वाचलेलं तेच हे.

मात्र टायमिंग चुकलं तर चुकीचीच ट्रिक पक्की होते. टिल्ल्याला मी बसल्यानंतर उशिरा "हां" म्हणायचो, तोवर तो उठायला लागलेला असायचा. त्यामुळे तो आयुष्यभर बसून लगेच स्प्रिंगसारखा उठायचा. मी सगळ्यांना सांगायचो फार चंचल आहे हो. चंचल कसला, मीच शिकवलेलं. कुत्रा नसताना सराव करा: कोणाला तरी बॉल टप्पा टाकायला सांगा आणि बॉल जमिनीला लागला त्याच क्षणी "हां" म्हणा. वाटतं तेवढं सोपं नाहीये.

खाऊ असला तरच ऐकतो, नसला की ओळख दाखवत नाही. काय करू?

वर लिहिलंय, चिमटीतला खाऊ उशिरापर्यंत राहिला. आता दुरुस्ती म्हणजे खाऊ अंगावर ठेवूच नका, खोलीत दोन-तीन ठिकाणी झाकणाच्या डब्या ठेवा. ट्रिक केली की "हां!" म्हणून त्याच्याबरोबर पळत डबीकडे जा. पळणं पण बक्षीसच वाटतं त्यांना. ट्रिक पक्की झाली की दर वेळी नका देऊ, कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी एकदम तीन तुकडे. कधी मिळेल सांगता येत नाही म्हटल्यावर तो जास्त चिकाटीने करतो, लॉटरीवाल्या माणसासारखं. पण नवीन ट्रिक असेल तोवर दर वेळी द्यायचंच, तिथे कंजुषी नको.

रोज किती वेळ?

तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, पुरे. रोज नाही जमलं तरी बिघडत नाही. २००८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांवर बघितलं, आठवड्यातून एकदा शिकवलेले कुत्रे आठवड्यातून पाचदा शिकवलेल्यांपेक्षा कमी सेशनमध्ये शिकले. दिवस अर्थात जास्त लागले त्यांना. मधे झोप होते, मुरतं डोक्यात. तेव्हा रविवारी तासभर घोटवून घेण्यात काही अर्थ नाही. त्याला जमतंय तोवरच थांबवा, कंटाळून निघून जाईपर्यंत ताणू नका.

"पंजा दे" शिकवायची सोपी पद्धत?

मुठीत खाऊ बंद करून जमिनीजवळ धरा. आधी चाटेल, नाकाने ढकलेल, मग वैतागून पंजा मारेल. पंजा मुठीला लागला की "हां!", मूठ उघडा. चार-पाच वेळांनी थेट पंजाच मारतो. मग मूठ रिकामी, मग उघडा तळहात, मग हळूहळू वर. पाय पकडून उचलू नका, पुष्कळ कुत्र्यांना पंजा धरलेला आवडत नाही.

पण शिकवायच्या आधी विचार करा हं, कारण ही एक ट्रिक तुमच्यावर उलटते. आपण जेवतोय, पंजा. पुस्तक वाचतोय, पंजा. रात्री दोन वाजता तोंडावर पंजा. न मागता दिलेल्या पंजाला काहीही द्यायचं नाही, खाऊ नाही, हसणं नाही, "नको रे" पण नाही. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस तो दुप्पट जोराने करतो, हे नेहमीचं आहे, आपण लिफ्ट येत नाही म्हणून बटण दाबत राहतो तसंच. तेव्हा हार मानलीत तर त्याला कळलं, की दुप्पट केलं की मिळतं. आमच्याकडे नेमकं तेव्हाच पाहुणे आले होते आणि ते म्हणाले अय्या किती गोड, आणि बिस्कीट दिलं. सगळं मुसळ केरात.

लोळायची ट्रिक जमतच नाही.

कारण तुम्ही पूर्ण लोळण एकदम मागताय. तुकडे करा. आधी आडवं पडणं, मग खाऊ खांद्याकडे नेऊन मान वळवणं, तेवढ्यालाच बक्षीस. मग एका कुशीवर पडणं. मग पाठीवर. मग पलीकडे. प्रत्येक तुकडा दोन-तीन दिवस. गादीवर किंवा सतरंजीवर करा, गार टणक फरशीवर कोण लोळेल. आणि घाबरट कुत्र्याला ही ट्रिक जड जाते, पोट उघडं टाकणं म्हणजे त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे, जबरदस्ती नको, दुसरी शिकवा.

घरात सगळं करतो, बाहेर गेलं की काहीच येत नाही असं दाखवतो.

दाखवत नाही, खरंच येत नाही. कुत्र्यासाठी "बस" म्हणजे "हॉलमध्ये, सोफ्यासमोर, तुम्ही उभे असताना बस". जागा बदलली की त्याला तो नवा धडा. स्वयंपाकघरात करा, जिन्यात करा, दाराबाहेर करा, तुम्ही खुर्चीत बसून करा. नवीन जागी परत पहिल्यापासून, खाऊ दाखवून सुद्धा चालेल, लवकर येतो रुळावर. लांबून सांगणं, जास्त वेळ थांबवणं आणि आजूबाजूला गडबड असणं, या तीनपैकी एका वेळी एकच वाढवा.

ऐकलं नाही तर ओरडायचं का? आपण बॉस आहोत हे दाखवायला हवं म्हणतात.

ही बॉसगिरीची कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांबद्दल लिहिलं, ते आपसात वर्चस्वासाठी भांडायचे. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या लिखाणामुळे ती कल्पना जगभर पसरली, आणि त्याच मेक यांनी १९९९ मध्ये स्वतःच मांडलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक करून आई-बाप आणि त्यांची पोरं, भांडून कोणी राजा होत नाही. लांडग्यांचंच खरं नाही तर सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याचं काय घेऊन बसलात.

ओरडून कुत्रा शिकतो ते एवढंच, की ट्रेनिंग सुरू झालं की हा माणूस विचित्र वागतो. झोप आलेली नसताना जांभया, सारखं ओठ चाटणं, मान फिरवणं, उगाच जमीन हुंगणं, ही सगळी ताणाची लक्षणं. दिसली की एक पायरी मागे या, त्याला येतं ते करून घ्या आणि उठा. सलग तीनदा चुकला तर आपण मागितलेलं अवघड आहे, साधा हिशोब.

लहान मुलं शिकवू शकतात का?

हो, आणि मुलांचं टायमिंग आपल्यापेक्षा चांगलं असतं असं माझं निरीक्षण आहे. पण मोठं माणूस शेजारी हवंच, आणि खाऊ चिमटीतून न देता उघड्या तळव्यावर किंवा जमिनीवर टाकून, नाहीतर बोटं जातात दाताखाली. मुलं खाऊ हवेत उंच धरतात आणि मग कुत्रा अंगावर उडी मारतो, ते आधीच सांगून ठेवा.

कुठल्या ट्रिक्स करू नयेत?

डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांना मागच्या पायांवर उभं करणं, दोन पायांवर बसवणं, उड्या, हे नको, त्यांच्या मणक्याची चकती सरकायचा धोका मुळातच जास्त. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्यांना उन्हात पळापळीच्या ट्रिक्स नको, धाप लागून अंग तापतं. गुळगुळीत फरशीवर गोल फिरवणं कोणालाच नको.

ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला शिकवता येतं?

आरामात. हाताच्या खुणा वापरा, "हां!" च्या जागी अंगठा वर. फक्त आधी "माझ्याकडे बघ" शिकवा, आणि झोपलेला असताना एकदम हात लावू नका, दचकतो.

फोन काढून व्हिडिओ करायला गेलं की एकही ट्रिक करत नाही, असं का?

कारण ज्या हाताने तुम्ही खूण करता त्यात आता फोन आहे, खांदे वर गेलेत, चेहरा झाकला गेलाय, आणि आवाज पण जरा कौतुकाचा झालाय. तुम्हाला वाटतं तुम्ही तेच "बस" म्हणालात, त्याला समोर वेगळाच माणूस दिसतो. दोन-तीन दिवस नुसताच फोन तसा धरून सराव घ्या, रेकॉर्ड न करता, किंवा दुसऱ्या कोणाला तरी शूट करायला सांगा. मी दुसरा उपाय करून बघितला, मुलीच्या हातात फोन दिला. मनी लोळली, अगदी पूर्ण, आणि मुलगी एवढी खूश झाली की टाळ्या वाजवायला फोनच सोडून दिला. व्हिडिओत छत आहे आणि मागून माझं "हां!" ऐकू येतं, बरोबर वेळेवर.